कार्ड देणाऱ्या बँकांना खुले पत्र : आकडा तुम्हाला आधी कळतो, मग आम्हाला नंतर का?

प्रति,
कार्ड देणाऱ्या सर्व बँकांचे व्यवस्थापन
आणि कार्डांची नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्या

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या बँकेकडून एक संदेश आला. दीड ओळीचा. परकीय चलनातल्या व्यवहारांवरचा मार्कअप अमुक तारखेपासून २ टक्क्यांऐवजी ३.५ टक्के होईल, अधिक माहितीसाठी अटी व शर्ती पाहाव्यात, आणि आमच्यावरच्या विश्वासाबद्दल आभार. वाढ का केली, याबद्दल अवाक्षर नाही. शुल्क पावणेदोन पट करताना आभार मानायला जागा उरली, कारण सांगायला उरली नाही.

बँकेचे नाव मी इथे घेत नाही. ही एकाच बँकेची गोष्ट असती तर कार्ड परत करून मोकळी झाले असते, पत्र लिहीत बसले नसते. पण संदेश आल्यावर मी आणखी तीन बँकांची शुल्कपत्रके उतरवून घेतली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली. आकडे वेगळे निघाले, रीत तीच. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

मी कोण, तेही सांगते. मी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करते. हौस म्हणून सुरू झालेले हे काम आता अर्धे पोटापाण्याचे झाले आहे. या कॅमेऱ्यांचे सुटे भाग बनवणे कंपन्यांनी केव्हाच बंद केले. ते मिळतात जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, खणांमध्ये डबे भरून ठेवलेल्या चार-सहा विक्रेत्यांकडे. कॉम्पुर जातीच्या जर्मन शटरची केसासारखी स्प्रिंग एका देशातून येते, घडीच्या कॅमेऱ्याचा भाता दुसऱ्या देशातून, आणि मागच्या झाकणातून उजेड आत झिरपू नये म्हणून लावायच्या फोमच्या पट्ट्या तिसऱ्यातून. महिन्यातून पाच-सहा वेळा मी कार्डाचे सोळा आकडे टाकते आणि दर वेळी तुमची-माझी गाठ पडते.

संदेश आला त्या रात्री मी मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढून बसले आणि मार्कअपच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली. ओळी सापडायलाच वेळ लागला. खरेदीची नोंद एका तारखेला, तिच्या शुल्काची दोन दिवसांनी, मध्ये विजेचे आणि फोनचे बिल. आणि शुल्काच्या ओळीत ते कुठल्या खरेदीचे, याचा पत्ता नाही. नुसते ‘एफएक्स एमकेयूपी’ आणि रक्कम. चौसष्ट ओळी निघाल्या. बेरीज केली तेव्हा कळले की वर्षभरात मी एक चांगले चालू शटर विकत घेण्याएवढे पैसे, शटर न घेताच, देऊन बसले आहे. आणि हे जुन्या दराने, २ टक्क्यांनी.

चलन बदलणे हे काम आहे, त्यात जोखीम आहे, आणि काम करणाऱ्याने मोबदला घ्यावा, यावर माझा वाद नाही. तळे राखी तो पाणी चाखी, हे आम्हीही जाणतो. माझा वाद वेगळा आहे. किती पाणी चाखले, हे तळे आटल्यावर कळण्यात अर्थ नाही. पाणी काढण्याआधी सांगा, एवढेच या पत्राचे म्हणणे. बाकीच्या तक्रारी त्याच खोडाच्या फांद्या आहेत.

एका खरेदीत काय काय होते, ते हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला पाठ आहे. विक्रेत्याने किंमत डॉलरमध्ये मागितली. कार्डाचे नेटवर्क, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, त्या दिवसाच्या आपल्या दराने ती माझ्या चलनात आणते. हा दर घाऊक बाजाराच्या बराच जवळ असतो, त्याबद्दल तक्रार नाही. मग नेटवर्क बँकेकडून आपला वाटा घेते, साधारण एक टक्क्याच्या घरातला. त्यावर बँक आपला चढवते. दोन्ही मिळून ग्राहकाला पुष्कळ ठिकाणी ३ टक्क्यांपर्यंत पडतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. काही देशांत त्या शुल्कावर पुन्हा कर. या सगळ्या थरांची नावेही एकसारखी नाहीत : मार्कअप, परकीय व्यवहार शुल्क, क्रॉस-बॉर्डर शुल्क, चलन रूपांतरण आकार. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची कला एवढ्या नावांनी क्वचितच नटली असेल.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी : पैसे देण्यापूर्वी तुम्ही सांगत नाही.

ऑनलाइन खरेदीचा तो क्षण डोळ्यांपुढे आणा. मी ‘पैसे भरा’ दाबते. विक्रेत्याचे पान बाजूला होते आणि एक साधे पांढरे पान उघडते. वर डावीकडे बँकेचे बोधचिन्ह, उजवीकडे नेटवर्कचे. मध्ये विक्रेत्याचे नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम ‘यूएसडी ११८.००’ आणि त्याखाली ओटीपीसाठी रिकामी चौकट. बाजूला सेकंद उलटे मोजणारे घड्याळ. हे पान विक्रेत्याचे नाही, ते तुमचे आहे. थ्री-डी सिक्युअर या पद्धतीत ग्राहकाची ओळख पटवण्याची पायरी कार्ड देणाऱ्या बँकेच्या हातात असते. म्हणजे अख्ख्या खरेदीत असा एक क्षण येतो, जेव्हा मी आणि माझी बँक समोरासमोर असतो, तिसरे कोणी नसते, आणि पैसे अजून गेलेले नसतात.

त्या क्षणी तुम्हाला काय काय माहीत असते? थ्री-डी सिक्युअरच्या आजच्या प्रमाणात बँकेकडे जाणाऱ्या संदेशात खरेदीची रक्कम असते, चलनाचा आयएसओ ४२१७ प्रमाणातला तीन आकडी क्रमांक असतो (अमेरिकी डॉलरचा ८४०, युरोचा ९७८) आणि विक्रेत्याच्या देशाचा क्रमांकही असतो. माझ्या खात्याचे चलन तुम्हाला माहीत आहे. माझ्या कार्डाला किती टक्के लागतात, हे तर तुम्हीच ठरवले आहे. गुणाकार तेवढा बाकी. तो तुमचे यंत्र डोळ्याचे पाते लवण्याआधी करील. तरीही त्या पानावर ‘यूएसडी ११८.००’ एवढेच.

पुढचा टप्पा मंजुरीचा. बँकांच्या यंत्रांमध्ये जे संदेश जातात-येतात, त्यांचे आयएसओ ८५८३ हे प्रमाण १९८७ सालचे आहे. त्यात सहाव्या क्रमांकाची जागा ‘कार्डधारकाच्या चलनात रक्कम किती’ हे लिहिण्यासाठी राखलेली आहे आणि दहाव्या क्रमांकाची ‘कोणत्या दराने’ हे लिहिण्यासाठी. म्हणजे जो आकडा मला बिल येईपर्यंत कळत नाही, तो लिहायची जागा तुमच्या यंत्रांच्या भाषेत जवळपास चाळीस वर्षांपासून आखून ठेवली आहे. यंत्राने यंत्राला सांगायचे, माणसाला नाही.

यावर तुमच्याकडून येणारे उत्तर मला माहीत आहे, कारण ते मला मिळालेले आहे : ‘अंतिम दर व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी ठरतो, त्यामुळे आधी सांगता येत नाही.’ दराबद्दल ते खरे आहे. पण टक्केवारी? ३.५ टक्के हे खरेदीच्या दिवशीही ३.५ आणि दोन दिवसांनीही ३.५. ती सांगायला कोणता बाजार उघडण्याची वाट पाहायची? आणि रकमेचे म्हणाल, तर मी ओटीपी टाकल्यावर दहा सेकंदांत माझ्या कार्डाची शिल्लक मर्यादा कमी झालेली दिसते, आणि ती माझ्याच चलनात, पैशापर्यंत. म्हणजे पैसे अडकवून ठेवायला लागणारा अंदाज तुमच्याजवळ असतो. मला दाखवायचा म्हटला की तोच अंदाज अनिश्चित होतो.

दुसरी तक्रार जरा विचित्र आहे, म्हणून ती घडली तशीच सांगते.

मागच्या वर्षी एका दालनातून मी भिंगे पुसायचा द्रव आणि बारीक पेचकसांचा संच मागवला. पानावरची किंमत माझ्या चलनात होती. पैसे भरण्याच्या पानावर माझ्याच चलनात. ओटीपीच्या संदेशातही माझ्याच चलनात. परकीय चलनाचा वाससुद्धा कुठे नाही. स्टेटमेंटमध्ये मात्र शुल्काची ओळ हजर. मी हेल्पलाइनला फोन लावला.

‘मॅडम, तुमचा व्यवहार आंतरराष्ट्रीय होता.’

‘पण किंमत आपल्याच चलनात होती.’

‘हो, पण विक्रेता बाहेर नोंदलेला आहे.’

‘ते मला खरेदीच्या वेळी कसे कळावे?’

पलीकडे थोडी शांतता. मग, अगदी नम्रपणे : ‘वेबसाइटच्या तळाशी पत्ता असतो, मॅडम.’

मी तळाशी गेले. तिथे दोन कंपन्यांची नावे आणि दोन देशांतले दोन पत्ते होते. पैसे यांपैकी कोण घेणार, याबद्दल काही लिहिले नव्हते. त्या मुलाला दोष देत नाही. त्याला समोरच्या पडद्यावर जे दिसत होते ते तो वाचत होता. पण बघा, त्याच्या पडद्यावर विक्रेत्याचा देश दिसत होता. माझ्या पडद्यावर नव्हता. चलन बदललेच नाही, तर चलन बदलण्याचे शुल्क कशाचे, असे विचारल्यावर उत्तर येते की हे चलनाचे नाही, सीमेचे शुल्क आहे. मग अटी व शर्तींतल्या त्या तक्त्यात त्याला ‘परकीय चलन’ या मथळ्याखाली का बसवले आहे?

तिसरी तक्रार मुख्यतः नेटवर्कवाल्यांकडे आहे. ‘तुमच्या चलनात भरा’ हे बटण.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी : विक्रेता परदेशातला, किंमत त्याच्या चलनात, आणि शेवटच्या पानावर दोन पर्याय येतात. एक मोठा, रंगीत, आधीच निवडलेला : ‘तुमच्या चलनात भरा, दर निश्चित, काळजी नको.’ दुसरा त्याखाली, करड्या बारीक अक्षरांत : ‘मूळ चलनात भरा.’ पहिला दाबला की चलन बदलण्याचे काम तुमच्याऐवजी विक्रेत्याच्या बाजूचा मध्यस्थ करतो, आपल्या दराने, आणि त्यातला काही भाग विक्रेत्यालाही मिळतो. तिकडच्या भाषेत याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. मी एकदा हातातले काम सोडून दोन्ही दर ताडून पाहिले. भात्याची किंमत त्या रंगीत बटणाने नेटवर्कच्या त्या दिवशीच्या दरापेक्षा ६ टक्क्यांनी चढत होती. आणि गंमत अशी की ते ६ टक्के भरूनही बँकेचे सीमेचे शुल्क चुकेलच असे नाही, कारण विक्रेता शेवटी परदेशातलाच.

तुमच्या नियमांत ग्राहकाला निवड दिली पाहिजे आणि दर सांगितला पाहिजे, असे लिहिलेले आहे. पण आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला निवड म्हणायचे का? आणि नियम मोडणाऱ्या विक्रेत्याबद्दल तक्रार कुठे करायची, हे कोणत्या कार्डाच्या पाठीवर छापलेले आहे? माझ्या ओळखीतले शिकले-सवरलेले लोकही ‘आपल्या चलनात भरले तर शुल्क वाचते’ या समजुतीने तेच बटण दाबतात. ती समजूत त्या पानाच्या रचनेनेच करून दिली आहे.

(ज्यांना आज एवढेच कामाचे वाटेल त्यांनी एवढे घेऊन जावे : बहुतेक वेळा मूळ चलनात भरणेच स्वस्त पडते. आणि व्हिसा, मास्टरकार्ड दोघांच्याही वेबसाइटवर दर मोजायचे साधन आहे. तारीख, दोन्ही चलने आणि बँकेची टक्केवारी भरली की रक्कम निघते. बँकेची टक्केवारी आपली आपण शोधून भरायची, ही त्यातली मेख.)

चौथी तक्रार परताव्याची. हीच मला सर्वांत जास्त बोचते, कारण इथे हिशोबाचा काटा एकाच बाजूला झुकतो.

स्प्रिंग आली, पण उलट्या वेटोळ्याची. विक्रेता भला माणूस. त्याने चूक मान्य केली आणि पूर्ण रक्कम परत पाठवली. ११८ डॉलर गेले होते, ११८ डॉलर आले. पण माझ्या हाती काय आले? समजा, खरेदीच्या दिवशी ११८ डॉलर म्हणजे माझ्या चलनातले १०० भाग. त्यावर तेव्हाच्या दराने २ भाग शुल्क. गेले १०२. परतावा तीन आठवड्यांनी आला, तो त्या दिवशीच्या दराने बदलला गेला. डॉलर एक टक्का उतरला होता, म्हणून आले ९९. शुल्क परत नाही. वस्तू नाही, सेवा नाही, विक्रेत्याने छदाम ठेवून घेतला नाही, आणि मी ३ भागांनी हलकी. दर चढला असता तर मला फायदा झाला असता, हे मान्य. तो नशिबाचा खेळ आहे. पण शुल्क हा नशिबाचा खेळ नाही. जो व्यवहार झालाच नाही असे दोन्ही बाजू म्हणतात, त्याचे शुल्क तुम्ही कोणत्या कामाचे ठेवून घेता? काही बँका तर परतावा हाही एक परकीय व्यवहार धरतात आणि येणाऱ्या रकमेलाही कात्री लावतात. जाताना टोल आणि परत येतानाही टोल, तोही रस्ता बंद होता म्हणून परत फिरणाऱ्याकडून.

पाचवी तक्रार टक्केवारीचीच.

१९५० साली डायनर्स क्लब निघाला तेव्हा कार्ड पुठ्ठ्याचे होते, आणि पुढेही कित्येक वर्षे कार्बन लावलेल्या पावत्या टपालाने देशोदेशी जात. कोणीतरी त्या मोजत असे, कोणीतरी लावून ठेवत असे. त्या काळात परदेशी पावतीला जास्त खर्च येत असणार, यात शंका नाही. आज दिवसभराच्या लाखो व्यवहारांची देणी-घेणी एकमेकांत वळती होतात आणि निव्वळ रक्कम तेवढी बँकांमध्ये चुकती होते. माझे ११८ डॉलर कोणी गाठोड्यात बांधून सीमेपलीकडे नेत नाही. आणि ज्या बाजारात हे चलन बदलले जाते तो बाजार केवढा? आंतरराष्ट्रीय निपटारा बँकेच्या, म्हणजे बीआयएसच्या पाहणीत एप्रिल २०२२ मध्ये जगभरात दिवसाला सरासरी ७.५ लाख कोटी डॉलरची उलाढाल मोजली गेली. एवढ्या खोल पाण्यात प्रमुख चलनांच्या खरेदी-विक्रीतला फरक टक्क्याच्या बारीकशा अंशाएवढा असतो.

दुसऱ्या बाजूने तुम्हाला काहीच मिळत नसते तर एक वेळ समजून घेतले असते. पण प्रत्येक कार्ड-व्यवहारात विक्रेत्याच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला इंटरचेंज नावाचे शुल्क मिळते, आणि ते विक्रेत्याच्याच खिशातून येते. २०१९ मध्ये युरोपीय आयोगापुढे व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर दिलेल्या कार्डांसाठी या इंटरचेंजची जी कमाल मर्यादा मान्य केली, तिच्यात दुकानात कार्ड वापरले तर डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के आहेत. ऑनलाइन खरेदीला मात्र डेबिटला १.१५ आणि क्रेडिटला १.५ टक्के. म्हणजे मर्यादा घातल्यावरही ऑनलाइन परदेशी खरेदीत बँकेची एक बाजू चांगली भरलेली आहे. मग माझ्याकडून ३.५ टक्के घेताना ‘खर्च वाढला’ म्हणायचे असेल तर तो कोणता, हे निदान सांगा. दीड ओळीच्या संदेशात तिसरी ओळ मावली असती.

लहानसहान तक्रारी आणखी आहेत. डॉलरची खूण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग सगळेच वापरतात, तीच गत येन आणि युआन यांच्या एकाच खुणेची; विक्रेता नुसती खूण छापतो आणि खरे चलन तुमच्या पानावर येईपर्यंत कळत नाही. पण ते विक्रेत्यांचे पाप, ते तुमच्या माथी मारत नाही.

या शुल्कावरून भांडणारी मी पहिली नव्हे. अमेरिकेत २००० च्या सुमारास ग्राहक न्यायालयात गेले. व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही मोठ्या बँकांनी संगनमताने चलन बदलाचे शुल्क ठरवले आणि ते ग्राहकांपासून झाकून ठेवले, असा त्यांचा आरोप होता. कंपन्यांनी आरोप मान्य केला नाही, पण २००६ मध्ये ३३.६ कोटी डॉलरची तडजोड केली. १९९६ ते २००६ या काळात परकीय चलनात कार्ड वापरलेल्या ग्राहकांना त्यातून पैसे मागता आले. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगानेही परकीय चलन सेवांची चौकशी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. किंमत समजून घेऊन तुलना करणे ग्राहकाला अवघड जाते, हे त्यात आहे.

युरोपीय संघाने तर कायदाच केला. २०१९ च्या ५१८ क्रमांकाच्या नियमावलीने एप्रिल २०२० पासून कार्डावरच्या चलन बदलाचे सगळे शुल्क युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत एका टक्केवारीत सांगणे बंधनकारक केले. एप्रिल २०२१ पासून त्याच्या पुढची पायरी आली : संघातल्या दुसऱ्या चलनात कार्ड वापरले की बँकेने ग्राहकाला ती टक्केवारी संदेशाने कळवायची, महिन्यातून किमान एकदा. आकाश कोसळल्याचे ऐकले नाही. बँका चालू आहेत, कार्डे चालू आहेत. तुमच्यापैकी काहींच्या शाखा तिथेही आहेत, म्हणजे ते संदेश पाठवणारे यंत्र तुमच्याच घरात बसवलेले आहे. अमेरिकेत कॅपिटल वनसारख्या बँकेची कार्डे हे शुल्क घेतच नाहीत. तेव्हा ‘करता येत नाही’ हे उत्तर कृपया पाठवू नका. ‘करायचे नाही’ असे म्हणा. ते निदान खरे असेल.

माझ्या मागण्या अशा :

ओटीपीच्या पानावर आणि ओटीपीच्या संदेशात परकीय रकमेबरोबर माझ्या चलनातली अंदाजी रक्कम आणि त्यावरचे शुल्क, दोन्ही दाखवा. ‘अंदाजी’ हा शब्द लिहायला माझी हरकत नाही.

सगळे थर मिळून एकच टक्केवारी सांगा, मध्यवर्ती बँकेच्या जाहीर दराच्या तुलनेत. नेटवर्कचे किती, तुमचे किती, कर किती, ही फोड ज्याला हवी त्याला द्या.

किंमत माझ्याच चलनात असेल आणि तरी सीमेचे शुल्क लागणार असेल, तर त्याच पानावर ‘विक्रेता परदेशातला आहे, शुल्क लागेल’ एवढी एक ओळ टाका आणि ‘रद्द करा’ हे बटण तिच्या शेजारी ठेवा. नाहीतर ते शुल्क घेऊ नका.

‘तुमच्या चलनात भरा’ हा पर्याय आधीच निवडून ठेवायला नेटवर्कनी साफ बंदी करावी. ज्यांनी त्या बटणाने भरले त्यांच्यावर बँकेने वर आणखी शुल्क लावू नये.

पूर्ण परतावा आला तर शुल्क पूर्ण परत करा. मागावे लागता कामा नये, आपोआप.

स्टेटमेंटमध्ये शुल्काची ओळ तिच्या खरेदीच्या ओळीखालीच छापा, दर आणि तारखेसह. आणि वर्षाच्या शेवटी वर्षभराची बेरीज द्या, म्हणजे पुढच्या वेळी मला पेन्सिल शोधावी लागणार नाही.

दर वाढवायचा असेल तर साठ दिवस आधी कळवा, कारणासह.

यात शुल्क रद्द करा, अशी मागणी कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ३.५ टक्के योग्य वाटत असतील तर खुशाल घ्या, पण ते माझ्या डोळ्यांदेखत मागा. मी पाहीन, विचार करीन, कदाचित भरीनही. कदाचित दुसरे कार्ड काढीन. हा दुसरा ‘कदाचित’ तुम्हाला नको आहे, अशी मला शंका आहे. ती खोटी ठरवणे तुमच्या हातात आहे.

या पत्राची प्रत मी माझ्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आज पाठवली आहे. पोच मिळाली, तिच्यात तक्रार क्रमांक आहे आणि पुन्हा एकदा विश्वासाबद्दल आभार आहेत. उलट्या वेटोळ्याच्या स्प्रिंगच्या जागी सुलटी मागवायची आहे. शटर उघडून, रुमालावर पुर्जे मांडून ठेवले आहेत. परवा ऑर्डर देईन, तुमचे ते पांढरे पान उघडेल, आणि ओटीपी टाकण्याआधी मी रकमेखाली बघेन.

आपली,
एक कार्डधारक
(चौसष्ट ओळींची)